घ्राणपंडित

लग्नाच्या हॉलमध्ये तो येऊन बसला की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "वायर जळतेय का रे कुठे?" घ्राणपंडित खुशीत मनगट हुंगतो. आज त्याने 'ओदर ७१' लावलंय. जपानच्या 'कॉम दे गार्सों'ने २००० साली काढलेल्या या परफ्यूममध्ये तापलेल्या बल्बवरची धूळ, झेरॉक्सचा टोनर, टोस्टर आणि पेन्सिलीची सालपटं यांचे वास आहेत, असं कंपनीच अभिमानाने सांगते.

पंडित चाळिशीच्या अलीकडचा, बऱ्या पगाराचा. मॉलमधल्या परफ्यूमच्या काउंटरवरून जाताना तो नाक मुरडतो. "हे डिझायनर. सगळेच लावतात." त्याला लागतं ते 'नीश', म्हणजे चार लोकांना न आवडणारं आणि पाचव्याने न ऐकलेलं. अख्खी बाटली पंधरा-वीस हजारांना जाते, म्हणून तो दोन-दोन मिलीचे 'डिकँट' मागवतो. कुरिअरवाला त्याला नावाने ओळखतो. पहिल्या फवाऱ्यावर कोणी मत दिलं की तो कळवळतो. वरचे हलके रेणू लगेच उडून जातात, खालचे जड रेणू तासन्‌तास टिकतात; तेव्हा "अर्धा तास थांबा, ड्रायडाउन येऊ द्या" हे त्याचं पालुपद.

घरात मात्र अर्धा तास थांबायला कोणाला सवड नाही.

सर्ज लुतान्सचं १९९९चं 'त्युबेरोझ क्रिमिनेल' लावून तो जेवायला बसला, तर बायको म्हणाली, "पाठ धरलीय का तुझी? आयोडेक्सचा वास येतोय." पंडिताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. निशिगंधाचं इतकं अभिजात परफ्यूम, आणि आयोडेक्स! रात्री त्याने वाचून काढलं. निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट निसर्गतःच असतं, आणि दुखऱ्या पाठीवर चोळायच्या मलमांतही तेच असतं. बाकीचे ते झाकतात. लुतान्सने ते मुद्दाम पुढे आणलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पंडिताने हे निरीक्षण स्वतःचं म्हणून सांगितलं.

'मॉलिक्यूल ०१'ने त्याला वेगळाच छळ दिला. गेझा शोन या जर्मन परफ्यूमरने २००६ साली काढलेल्या या बाटलीत सुगंधी द्रव्य एकच, 'आयसो ई सुपर'. काही नाकांना ते कळतच नाही, काहींना मध्येच कळतं आणि मध्येच हरवतं. पंडिताला काहीच येईना. आपल्याला पाणी विकलं, या संशयाने तो फवारत राहिला. लिफ्टमधली माणसं मात्र आदराने विचारत होती, "साहेब, कुठलं लावलंय?" त्याला वाटलं, टोमणा मारताहेत.

पण खरी कसोटी 'सेक्रेसियों मान्यिफिक'ची. पॅरिसच्या 'एता लिब्र दोरांज'चं, हेही २००६चंच. रक्त, अ‍ॅड्रेनलिन, आयोडीन आणि दूध अशी त्यातल्या वासांची यादी कंपनीने दिलेली. पंडिताने श्वास रोखून एक थेंब लावला आणि हॉलमध्ये येऊन उभा राहिला. आई काही न बोलता उठली, स्वयंपाकघरात गेली, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढून वास घेतला. मग पातेलं उजेडात धरून आत निरखत म्हणाली, "दूध नासलं की काय? आणि कल्हई गेल्यासारखा वास कसला येतोय?"

दूध बरोबर. रक्तातला धातू बरोबर. पंडित थक्क झाला. तेव्हापासून नवा डिकँट आला की पहिली कागदी पट्टी आईच्या हातात जाते.

परवा कनौजचं मिट्टी अत्तर आलं. भाजलेली माती तांब्याच्या डेगमध्ये कशी उकळतात, तिची वाफ भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात कशी उतरते, ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव कसं दिलं, हे सगळं त्याने उभ्याउभ्या ऐकवलं. आईने पट्टी नाकाशी धरली.

"हे चांगलंय की. केवढ्याला?"

त्याने आकडा सांगितला.

"एवढ्यात नवा माठ आला असता रे. वास तोच, वर पाणीही गार."

पंडिताने पट्टी काढून घेतली. "अर्धा तास थांब गं आई, ड्रायडाउन येऊ दे."