तात्यांचा प्रोग्रॅम

साताऱ्यात शालेय मैदानी स्पर्धा असल्या की पंचांच्या मंडपात एक खुर्ची तात्यांची असते. ती त्यांना कुणी दिलेली नाही, आणि उठा म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही. स्पर्धेत त्यांचा नातू पळत नसतो, पुतण्या पळत नसतो. गळ्यात स्टॉपवॉच, डोक्याला पांढरी टोपी, खिशात भडंगाची पुडी. भडंगावरून माणूस सांगलीचा हे ओळखावं. बँकेच्या नोकरीत विटा, दहिवडी, कोरेगाव असं फिरून तात्या बायकोच्या माहेरी, म्हणजे साताऱ्यात, स्थायिक झाले. कृष्णा साताऱ्याकडून सांगलीकडे जाते. आपण प्रवाहाविरुद्ध आलो, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

पुढच्या पाच मिनिटांत बास्केटबॉल येतो.

काही माणसांना तुलनेशिवाय काही दिसतच नाही. आंबा खाताना गेल्या वर्षीचा आंबा आठवतो, नवी सून आली की शेजाऱ्यांची सून आठवते. तात्या याच जातीचे, फक्त त्यांनी क्षेत्र निवडून घेतलंय. शाळेचा पळण्याचा संघ दिसला की तो अमेरिकेतल्या कुठल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघासारखा आहे, हे ठरवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ‘संघ’ हा शब्दही ते वापरत नाहीत. ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. “म्हसवडकडची ती शाळा बघा, जुना प्रोग्रॅम. परंपरा आहे. खटावची ती दुसरी, ती नवश्रीमंत. दोन वर्षं चमकेल, मग विचारू नका.”

याचं मूळ सांगलीत आहे. तात्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होते. संघात बारा खेळाडू असतात, त्यांतले ते बारावे. शिवाजी विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकल्या आणि इंटरझोनलला पहिल्याच सामन्यात कोल्हापूरकरांनी धुतलं. त्या सामन्यात, निकाल पुरता लागल्यावर, तात्यांना आत सोडलं. त्यांनी एक चेंडू टाकला. रिंगला लागून बाहेर आला. हा चेंडू गेली पन्नासेक वर्षं रिंगवर फिरतोय आणि दर वेळी थोडा थोडा आत सरकतोय. हल्ली तो आत गेल्याचंही ऐकू येऊ लागलंय.

मग मुलगा शिकायला अमेरिकेत गेला आणि नेमका इंडियानात, पर्ड्यू विद्यापीठात. त्या राज्यात बास्केटबॉलचं वेड आपल्याकडच्या कुस्तीसारखं. मार्चमध्ये तिथे अडुसष्ट कॉलेजांची बादफेरी चालते. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. तात्या साडेचारला उठून फोनवर सामना बघतात आणि उजाडलं की तसेच स्टेडियमवर येतात. तिथे भरतीची पोरं आधीच पळत असतात. एका डोळ्यात अमेरिका, दुसऱ्यात सातारा. दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळणारच.

त्यांची मांडणी अगदीच हवेतली नाही, हेही कबूल करायला हवं. सांगली आणि सातारा ही एकाच घरची वाटणी आहे. १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा जिल्हा काढला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. माण तालुका साताऱ्यात राहिला, शेजारचा आटपाडी सांगलीत गेला. माणदेशाची माती मात्र दोन्हीकडे तीच. पाऊसही तितकाच, म्हणजे नाहीच. त्याआधी आटपाडी औंध संस्थानात होती, कुंडलही होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून पोरांनाही घालायला लावत. “हा आपल्या भागातला पहिला प्रोग्रॅम,” तात्या सांगतात. “हेड कोच खुद्द राजा. बजेटची चिंता नाही.”

या एका वाक्याखातर मी तात्यांची बाकीची वाक्यं ऐकून घेतो.

पुढचा वंशवेल त्यांना पाठ आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, कुस्तीचं ब्राँझ. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकिओला तिरंदाजीत. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती. सांगलीच्या बाजूला स्मृती मानधना, बर्मिंगहॅमला रौप्य उचलणारा संकेत सरगर, आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, ज्याने २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. सांगलीचं नाव घेताना तात्यांचा आवाज चढतो आणि साताऱ्याचं घेताना ते आधी बायको कुठे आहे ते बघतात. ललिता बाबरच्या नावाला मात्र ते टोपी काढतात. माणमधल्या मोहीची ही पोरगी २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर, म्हणजे १९८४नंतर, ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. पात्रता फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत दहावी. त्या शर्यतीत अडथळ्यामागे पाण्याचा खड्डा असतो, तो सात वेळा ओलांडायचा. “आता मला सांगा,” तात्या विचारतात, “माणच्या पोरीने सराव करायचा तर एवढं पाणी आणायचं कुठनं? टँकरनं?”

तात्यांच्या तुलनेची खरी परीक्षा होते ती क्रीडाशिक्षकांसमोर. माणातल्या एका हायस्कुलातले गुरुजी त्यांच्या विशेष मर्जीतले. गुरुजींकडे पीटी आहे, भूगोल आहे, स्कॉलरशिपचे फॉर्म आहेत, निवडणूक लागली की तीही आहे. तात्या त्यांना ‘हेड कोच’ म्हणतात.

“काय कोच, यंदाचा रिक्रूटिंग क्लास कसा काय?”

“आठवी ब व्हय? लई वांड हाय वो.”

रिक्रूटिंग म्हणजे अमेरिकेतले कोच देशभर हिंडून सात-सात फुटी पोरं कशी हुडकतात, घरी जाऊन आईबापांना कसं पटवतात, शिष्यवृत्ती कशी देतात, हे तात्यांनी समजावून सांगितलं. २०२१पासून तर कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसेही घेता येतात. गुरुजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “आमच्याकडं निवड मी करत न्हाई, तात्या. एसटी करती. ज्या वाडीला गाडी न्हाई, तिथली पोरं संघात.”

दुसरा माणूस इथे गप्प झाला असता. तात्यांनी वहीत लिहून घेतलं: ‘रिक्रूटिंग – एसटी.’ पुढे शाळेतल्या मुलींना सायकली मिळाल्या. गावात आनंद, गुरुजी खूश, हेडमास्तरांचा फोटो. तात्या तेवढे चिंतेत. “कोच, तुमचा प्रोग्रॅम बसला आता.”

खेळाडू शाळा सोडून जातात, त्यालाही तात्यांकडे अमेरिकन उत्तर आहे. तिकडे कॉलेजचा खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात जातो, त्याची रीतसर नोंदणी होते. बँकेत हयात गेल्यामुळे बदली हा विषय तात्यांच्या जिव्हाळ्याचा. एकदा विट्याकडचा एक चपळ पोरगा नववीतच दिसेनासा झाला. तात्या उत्साहात. “ट्रान्स्फर? कुठल्या शाळेनं उचलला?” पोरगा केरळात गेला होता, मामाच्या गलाईच्या दुकानात. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, पोरगा मिसरूड फुटायच्या आत भट्टीपुढे बसतो. माणातली एक पोरगी दिवाळीनंतर गायब झाली, ती बापाच्या मेंढरांमागे. पाऊस पडला की कळप परत येणार, पोरगीही येणार, स्पर्धा तेवढ्या होऊन गेलेल्या असणार. तात्यांच्या वहीत दोघांपुढे ‘ट्रान्स्फर’ एवढंच आहे. खाली कंसात ‘मेंढरं’ असं लिहून त्यांनी ते खोडलंय.

मार्चच्या बादफेरीचा तक्ता तात्या दर वर्षी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढतात. एकदा तसाच तक्ता त्यांनी जिल्ह्याच्या क्रॉसकंट्रीसाठी काढून आणला. गुरुजींनी तो उलटासुलटा करून बघितला. “ह्यात दहिवडी कोरेगावशी एकटी कशी काय पळंल? समदी एकदमच सुटत्यात की.” तेव्हापासून तात्यांनी मोजणीची अमेरिकन शालेय पद्धत उचलली: सात जणांनी पळायचं, पहिल्या पाचांचे क्रमांक बेरजेला धरायचे, बेरीज कमी त्याचा संघ वर. एकटा वाघ असून भागत नाही, पाचवा पोरगा लागतो. ही पद्धत ते आपल्या स्पर्धांना मनातल्या मनात लावतात आणि निकाल लागल्यावर पंचांना आपला निकाल वेगळा ऐकवतात. स्वतः बारावे होते म्हणून असेल, पाचव्या पोरावर त्यांचा फार जीव. पहिल्या आलेल्याला सगळे उचलून घेतात. हे मागे थांबून पाचव्याला भडंग देतात.

शिकागोजवळच्या यॉर्क हायस्कुलात जो न्यूटन नावाचे कोच होते. क्रॉसकंट्रीची अठ्ठावीस राज्य विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत, आणि संघातून ते कुणालाच काढत नसत, दीडदोनशे पोरं एकदम पळायची. हे ऐकून गुरुजींनी पहिल्यांदा कान टवकारले. “दोनशे? मग गेटवर हजेरी कोण घ्यायचं?”

सर्वांत गाजलं ते मोज्यांचं प्रकरण. तात्यांचं दैवत जॉन वूडन. पर्ड्यूचा जुना खेळाडू, म्हणजे मुलाच्या कॉलेजचा, म्हणजे जवळजवळ घरचाच. पुढे यूसीएलएचा कोच म्हणून त्याने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा विजेतेपदं घेतली. हा माणूस हंगामाच्या पहिल्या सरावाला खेळाडूंना चेंडू द्यायच्या आधी मोजे कसे घालायचे ते शिकवायचा. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की खेळ संपला. तात्या हे ज्ञान घेऊन एसटीने माणात गेले. शाळेच्या मैदानावर फक्की टाकून झाली होती, चिंचेखाली दहाबारा पोरी बसलेल्या. तात्यांनी पाऊणतास वूडन सांगितला, स्वतःचा बूट काढून मोजा कसा ओढायचा ते दाखवलं, टाच दाखवली, करंगळी दाखवली. कार्यक्रम रंगला. शेवटी म्हणाले, “चला, आता तुमचे मोजे काढा बघू.”

मोजे कुणाकडेच नव्हते. बूट तिघींकडे होते, तेही पिशवीत.

एक काटकुळी पोरगी उठून म्हणाली, “मोजं घातलं तर फुफुटा आत जाऊन बसतुया, मग फोड येत्यात. अनवाणी बरं पडतंय.”

वूडनचं म्हणणंही फोडांबद्दलच होतं, तेव्हा तात्यांनी तिला तिथल्या तिथे वूडनच्या शेजारी बसवलं. त्या दिवसापासून ती त्यांची ‘यूसीएलए’. पुढच्या स्पर्धेला ते तिच्यासाठी मोज्यांचे दोन जोड घेऊन गेले. तिने थंडीत शेळ्या राखताना घातले.

एका ठिकाणी मात्र त्यांची तुलना बिनचूक बसते, आणि तिचाच ते सर्वांत कमी उल्लेख करतात. अमेरिकेतला कॉलेजचा खेळाडू ज्या नजरेने व्यावसायिक संघांच्या निवडीकडे बघतो, त्या नजरेने इथलं पळणारं पोरगं भरतीकडे बघतं. पोलिसात जायचं तर मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा. पदक भिंतीवर लागतं, पण सेकंद कमी झाला की घरात पगार येतो. साताऱ्याजवळ अपशिंगे हे गावच ‘मिलिटरी’ म्हणून ओळखलं जातं. तात्यांना हे सगळं माहीत आहे, आणि घराणी, परंपरा, विजेतेपदं यांच्यात हे कुठे बसवावं ते त्यांना कळत नाही. भरतीची पोरं पहाटे शेजारून पळत गेली की ते हळूच आपलं स्टॉपवॉच दाबतात. वहीत त्याला रकाना नाही.

यंदा यूसीएलए जिल्ह्याला आली. आठशे मीटर पळून, दुसरी येऊन, मंडपात पाणी प्यायला आली. तात्यांनी तिला अमेरिकेतल्या पोरींचं बास्केटबॉल, भरलेली स्टेडियमं, टीव्हीवरचे सामने असं सगळं ऐकवलं. तिने तांब्या खाली ठेवला.

“तात्या, त्या पोरी आठशे मीटर कितीत मारत्यात वो?”

तात्या थबकले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. रात्री त्यांनी मुलाला फोन लावला. मुलाने त्याच्या सकाळच्या मीटिंगमधून उठून ऐकून घेतलं आणि सांगितलं, “बाबा, त्या बास्केटबॉल खेळतात. आठशे मीटरची वेळ कोण ठेवणार?”

दुसऱ्या दिवशी तात्या मंडपात आले, गुरुजींच्या शेजारी बसले, भडंगाची पुडी सोडली.

“नोंदच ठेवत नाहीत म्हणे,” ते म्हणाले. “प्रोग्रॅम कच्चा आहे हो त्यांचा.”