खासगीपणाची झेरॉक्स

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले. या हक्काची जोपासना बघायची तर पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या तिसगावी, कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात यावे. आधार, पॅन, पासबुक आधी दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, मग प्रिंट. ओटीपी आला की मावशी तो खणखणीत आवाजात वाचतात. मागच्या रांगेची गैरसोय नको. फाइल संगणकावर ‘न्यू फोल्डर’मध्ये जन्मभर सुरक्षित. पुसून टाकण्याचा आगाऊपणा कुणी करत नाही. फिकट निघालेली प्रतही वाया जात नाही, भेळवाल्याकडे पोचते. बारा आकडी क्रमांक, त्यावर कुरमुरे, शेव आणि बँकेचा आयएफएससी चाटून पुसून.

याच न्यायाने ग्रामसभेत सर्वांच्या पासवर्डचे जाहीर वाचन व्हावे. एखादा विसरलाच तर गाव आठवण करून देईल.

दिल्लीने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला आहे. काम संपले की माहिती पुसावी, असे त्यात म्हटले आहे. कायद्याची प्रत आमच्याकडे मिळेल. इच्छुकांनी येताना आधारची झेरॉक्स आणावी, आणि ओटीपीसाठी मोबाइल चालू ठेवावा.