अजून छापलंही नाही, तरी पैसे भरले!

अहो वहिनी, गॅस बारीक करून जरा कुंपणापाशी या ना. काल रात्री तुमच्याकडचा आवाज आमच्या गॅलरीपर्यंत येत होता, म्हणून विचारते हो, भोचकपणा नाही. लेकीनं बाबांच्या मोबाइलवरून पुस्तकाचे पैसे भरले, एवढंच ना? आणि ते पुस्तक अजून बाजारातच आलेलं नाही, म्हणून भाऊजी भडकले? अगंबाई, एवढंच होय! मला वाटलं, काय झालं नि काय नाही.

उलट भाऊजींनाच आठवण करून द्या. प्रकाशनपूर्व सवलत हा प्रकार काय अमेरिकेतून आला? कोशांचे खंड, चरित्रांचे जाडजूड संच, सगळं आपण आधी पैसे भरूनच घेतलं. मनीऑर्डरची पावती जपून ठेवायची आणि पुढचा खंड कधी येतो म्हणून पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावायचे. दिवाळी अंकांच्या संचाची नोंदणी गणपती उठायच्या आत करणारी माणसं आपल्या या गल्लीतच आहेत. पोरीनं तेच केलं. मोबाइलवरून केलं आणि त्याला प्रीऑर्डर म्हणाली, म्हणून काय आभाळ कोसळलं?

पुस्तक कुठलं, ते तरी विचारलंत का तिला? मी विचारलं. परवा तुळशीला पाणी घालत होती तेव्हा. ‘हार्टस्टॉपर’चा सहावा भाग. शेवटचा. जुलै २०२६ मध्ये येणार म्हणून जाहीर झालाय. पाचवा आला डिसेंबर २०२३ मध्ये, तेव्हा ती आठवीत होती. सहावा येईल तेव्हा अकरावीत असेल. एवढी वर्षं एखाद्या गोष्टीची वाट पाहणारं पोर आजच्या काळात मिळतं कुठे, सांगा बरं!

लेखिका इंग्लंडची, ॲलिस ओसमन. हिची हकिकत ऐकण्यासारखी आहे. पहिली कादंबरी ‘सॉलिटेअर’ २०१४ मध्ये आली, तेव्हा ती विशीचीही नव्हती. त्या कादंबरीतल्या नायिकेचा एक भाऊ होता, चार्ली, आणि चार्लीचा निक. दोघंही आपली बाजूची पात्रं. पण हिच्या डोक्यातून ते दोघं जाईनात. मग २०१६ पासून तिनं त्यांची गोष्ट चित्रांतून काढून इंटरनेटवर टाकायला घेतली, तीही फुकट. वाचणारे वाढत गेले, तशी २०१८ मध्ये लोकवर्गणी काढून पहिला भाग स्वतःच छापला. हो हो, वर्गणीच! गणपतीची नाही, पुस्तकाची. पुढे २०१९ मध्ये मोठ्या प्रकाशकानं हात दिला आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. गंमत म्हणजे नेटवर ती चित्रकथा अजून फुकट वाचता येते, तरी पोरं पैसे मोजून पुस्तक घेतात. हे मात्र भाऊजींना सांगू नका.

काय म्हणालात? हो, निक आणि चार्ली. दोघंही मुलगे. आणि हो, प्रेमातच. वहिनी, असं तोंडावर पदर धरू नका. मी पहिला भाग वाचलाय. तुमच्या लेकीकडूनच आणला, कव्हर घालून परत केला. पानंच्या पानं कुणी बोलतच नाही. वर्गातली नजरानजर, टाइप करून पुसलेला मेसेज, आणि चौकटींमधून झाडाची पानं भिरभिरत जाताना काढलेली. पुढे चौथ्या भागात चार्लीचा खाण्याचा आजार येतो. जेवण समोर आलं की पोरगा गप्प होतो, आणि त्याच्या जवळच्यांनी काय करायचं, काय करायचं नाही, हे त्यात नीट दाखवलंय. तिच्या वयाच्या मुलीनं हे वाचलं म्हणून बिघडत नाही हो. आपल्या वेळी आपण गादीखाली लपवून काय काय वाचलं, ते इथे उभ्याउभ्या मोजायला लावू नका मला.

बरं, या येणाऱ्या पुस्तकांचा तिकडे केवढा थाटमाट असतो, कल्पना आहे का? आपल्याकडे शुक्रवारी सिनेमा, तसं अमेरिकेत मंगळवारी पुस्तक. इंग्लंडात बहुधा गुरुवारी. कित्येक महिने आधी नुसतं मुखपृष्ठ दाखवायचं. मग आगाऊ प्रती निघतात. ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेल्या कच्च्या प्रती ग्रंथपालांना, दुकानदारांना, समीक्षकांना जातात. ते वाचून बोलायला लागतात, पोरं ऐकतात आणि मागणी नोंदवतात. ही सगळी आगाऊ मागणी पहिल्या आठवड्याच्या विक्रीत धरली जाते, म्हणून पुस्तक आल्याबरोबर खपाच्या यादीत वर चढतं. किती छापायचं याचा अंदाजही प्रकाशकाला त्यावरूनच येतो. म्हणजे तुमच्या लेकीनं भरलेले ते काहीशे रुपये लेखिकेच्या दृष्टीनं फार मोलाचे. मी वाचनालयात काउंटरवर आयुष्य काढलं वहिनी, पण आगाऊ प्रत सोडा, पुढच्या महिन्यात काय येणार याचं साधं पोस्टकार्ड कुणी पाठवलं नाही.

आता ती सुझॅन कॉलिन्स घ्या. ‘हंगर गेम्स’वाली. २००८ पासून मुलांना झोपू देत नाही. जून २०२४ मध्ये तिच्या प्रकाशकांनी सांगितलं, नवी कादंबरी येतेय, ‘सनराइज ऑन द रीपिंग’, तारीख १८ मार्च २०२५. आणि त्याच वेळी सिनेमावाल्यांनीही पाट मांडला, २० नोव्हेंबर २०२६! पुस्तकाचं पान अजून कुणी पाहिलेलं नाही आणि सिनेमाची तारीख ठरलेली. मुलगी बघायला जायच्या आधीच बारशाचं आमंत्रण म्हणतात ते हेच. पण पुस्तक आलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात इंग्रजीतल्या १५ लाख प्रती खपल्याचं प्रकाशकांनी सांगितलं. आणि गोष्ट काय, तर पहिल्या पुस्तकात जो दारूडा मार्गदर्शक दिसतो ना, हेमिच, त्याच्या सोळाव्या वर्षीची. शेवटी त्याचं काय होतं, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत. तरी उड्या. आपल्याला रामायणाचा शेवट माहीत नसतो का?

थांबा, तुमच्या धाकट्यासाठीही एक आहे. त्याच्या दातांना तारा बसवल्यात ना? तो हल्ली हसतच नाही, माझ्या लक्षात आलंय. त्याला ‘स्माइल’ आणून द्या. रैना तेलगेमायर या अमेरिकन चित्रकर्तीचं आहे, २०१० चं. ती स्वतः सहावीत असताना पडली आणि पुढचे दोन दात गेले. मग पुढची कितीतरी वर्षं तारा, शस्त्रक्रिया, खोटे दात आणि वर्गातल्या मैत्रिणींची टोमणेबाजी. सगळं चित्रांत. डेंटिस्टच्या खुर्चीत आ वासून बसल्यावर वरचा दिवा कसा दिसतो, तेसुद्धा कळतं. त्या पुस्तकाला आयस्नर पुरस्कार मिळाला, चित्रकथांच्या जगातला मोठा मान आहे तो. तिचं २०२५ मध्ये स्कॉट मॅक्लाउडबरोबर ‘द कार्टूनिस्ट्स क्लब’ आलं. शाळेतली चार मुलं स्वतः कॉमिक काढायला शिकतात, अशी गोष्ट. तुमचा धाकटा वह्यांच्या मागच्या पानावर चितारत असतोच, त्याला ते जास्त आवडेल.

नाही वहिनी, इथे मी तुमचं ऐकणार नाही. चित्रांचं पुस्तक म्हणजे बाळबोध, आळशी पोरांचं, हे आपल्याकडे कुणी पसरवलं कोण जाणे. हा मॅक्लाउड १९९३ पासून पुस्तकातून ओरडून सांगतोय की दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत खरी गंमत असते. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत रिकामी खुर्ची. मधलं काय घडलं ते वाचणाऱ्यानं आपल्या मनात घडवायचं. आळशी माणसाचं ते काम नव्हे. आर्ट श्पीगलमनच्या ‘माउस’मध्ये ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं आहेत. उंदीरमांजराची चित्रं, पण छळछावण्यांची कहाणी. १९९२ मध्ये पुलित्झरनं गौरवलं त्याला. आणि २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका काउंटीच्या शाळा मंडळानं एकमतानं ते आठवीच्या अभ्यासातून काढलं. शिव्या आहेत म्हणे, आणि एक नग्न चित्र. तिकडेही भाऊजी आहेत हो! झालं काय, तर तीस वर्षांचं जुनं पुस्तक पुन्हा खपाच्या यादीत जाऊन बसलं.

परदेशाचं राहू द्या, आपल्या घरचं सांगते. ‘भीमायन’ बघितलंय का तुम्ही? २०११ चं. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यात सरळ चौकटीच नाहीत. ते म्हणाले, माणसांना डब्यात कोंबणार नाही. गोंडांच्या घरांच्या भिंतींवर जी वळणदार नक्षी असते, तिनं पान विभागलंय. आणि बोलण्याचे फुगे बघा. मऊ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आपल्या गल्लीचं चित्र काढायचं झालं तर नांग्या काढून काढून शाई संपेल. लहानगा भीम साताऱ्याहून आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरतो, जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरतो, बैलगाडीवाला गाडी हाकायला तयार होत नाही, मुलंच गाडी हाकतात, आणि वाटेत कुणी पाणी देत नाही. हे धड्यात वाचलेलं असतं आपण. पण त्या पानावर त्या मुलाचा घसा कोरडा पडलेला दिसतो.

त्याच वर्षी महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वरही असंच चित्रमय पुस्तक आलं, ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. आता माझ्या पोटातलं सांगू? फुले आपले, बाबासाहेब आपले, मसूर आपलं, आणि दोन्ही पुस्तकं आली आधी इंग्रजीत, ‘नवयान’ प्रकाशनाकडून. अमृता पाटील तर पुण्यात जन्मलेली, गोव्यात वाढलेली. ‘कारी’ २००८ मध्ये आली तिची, महाभारतावर ‘आदिपर्व’ आणि ‘सौप्तिक’. तीही इंग्रजीत. चित्रं काढणारे हात आपल्याकडे नाहीत असं नाही. छापणारे, आणि त्याहून जास्त मागणारे नाहीत.

म्हणाल, मराठीत मुलांसाठी काहीच नाही का? आहे की. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आपण मराठीतूनच वाचला. पण वाचनालयात माझ्या डोळ्यांदेखत काय व्हायचं, ते सांगते. बालविभागातलं कार्ड असलेलं पोर तेराव्या-चौदाव्या वर्षी येऊन उभं राहायचं. फेणे संपलेला. समोर मोठ्यांची कपाटं. आम्ही हातात ‘मृत्युंजय’ किंवा ‘श्रीमान योगी’ द्यायचो. उत्तमच पुस्तकं, पण त्या पोराच्या गालावर नुकती मुरमं आलेली, त्याला त्याच्या वयाचं हवं असायचं. ते नव्हतं असंही नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ नववीतल्या मुलाची आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर मोठं होण्याच्या उंबरठ्यावरच उभा आहे. पण ही पुस्तकं आम्ही मोठ्यांच्या कपाटात, अकारविल्हे लावून ठेवली, आणि त्या वयाच्या मुलाला बोट दाखवून कुणी सांगितलं नाही की बाबा, हे तुझं. वर पुढचं काय येणार याची वाट बघायला लावणारं तर काहीच नाही. कुठल्याही मराठी कादंबरीची तारीख दहावीतल्या पोरानं कॅलेंडरवर लिहिलेली मला दाखवा, मी तुम्हाला पुरणपोळी वाढते.

म्हणून म्हणते, पोरीला रागावू नका, ऑर्डर रद्द करू नका. तिला ‘शाळा’ माझ्याकडून न्यायला सांगा, दोन्ही वाचू दे. आणि एक काम तुमच्याकडे. रविवारी वाचनालयाची वार्षिक सभा आहे. तुम्ही आजीव सभासद आहात, पण दरवर्षी चहा-सामोसा घेऊन परत येता. या वेळी आयत्या वेळच्या विषयात उभं राहायचं आणि कार्यवाहांना विचारायचं, चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी वर्षभरात किती रुपयांची पुस्तकं घेतली, आणि येत्या वर्षी त्यांचं वेगळं कपाट करणार का? ठराव तुम्ही मांडा, अनुमोदन मी देते.