अकरा महिन्यांचं वर्ष
पुण्यात शिकायला आलेल्या पोराला पहिला धडा प्राध्यापक नव्हे, दलाल देतो: भाडेकरार अकरा महिन्यांचा. का, तर वर्षाच्या आतल्या कराराची नोंदणी लागत नाही म्हणे. १९०८ च्या नोंदणी कायद्यापुरतं ते ठीक. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, नोंदवणं सक्तीचं केलं, तेही घरमालकाच्या जबाबदारीवर. पोरं जागा बळकावतील, ही भीती? मुदत संपूनही न हलणाऱ्याकडून दुप्पट भाडं वसूल करण्याची सोय त्याच कायद्यात आहे. मग अकराच्या आकड्याला आधार उरतो तो एवढाच: नवा करार, नवी भाडेवाढ आणि (इथे दलाल नम्रपणे खाकरतो) नवी दलाली. मटण, मैत्रिणी आणि रात्री दहानंतरचं येणं यांवरची बंदी तेवढी नूतनीकरणाशिवाय चालू राहते.