पटावर तेवीस

आमच्या सोसायटीतल्या मुलांना मोकळा वेळ मिळावा म्हणून एक बैठक ठरली होती. मुलांना मोकळा वेळ नसल्यामुळे ती दोनदा पुढे गेली. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार कीबोर्ड, शुक्रवारी स्केटिंग, शनिवारी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची तयारी. एवढ्यातून उरलेल्या पाऊण तासात मागच्या मैदानावर मल्लखांब. तो फुकट असल्यामुळे पालकांचा त्याच्यावर फारसा विश्वास नाही. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली, तेव्हा त्यांना बहुधा ‘याचं सर्टिफिकेट मिळतं का हो?’ असं कुणी विचारलं नसावं.

मल्लखांब शिकवणारा दादा म्हणाला, रविवारी लोहगडाला जाऊ. लोकलने मळवली, वाटेत भाज्याची लेणी, मग गड, दिवेलागणीला घरी. खजिनदार काकांनी लोकलचं भाडं ऐकून ताबडतोब अनुमोदन दिलं. एका मातोश्रींनी विचारलं, “पण यातून मुलं नेमकं काय शिकणार?” दादा म्हणाला, “चालायला.” उत्तर पसंत पडलं नाही. मग मातोश्रींनी स्वतः प्रश्नमंजूषा काढली, तिच्या तेवीस प्रती केल्या आणि एका पारदर्शक फोल्डरमध्ये घालून माझ्या गळ्यात मारल्या. ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडला. त्यातली एक अशी : ‘मुलांनी कड्याजवळ जाऊ नये.’ गडाला चहूबाजूंनी कडाच असतो, हे निदर्शनास आणून द्यायला कुणी धजावलं नाही.

शिवाजीनगर स्टेशनावर पहिली गणती झाली. तेवीस. खडकीला बावीस. एक चिरंजीव बाकाखाली चपलेचा शोध घेत होते. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी स्टेशनं जात होती आणि ‘आलं का?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्या उमेदीने विचारला जात होता. डबे मळवलीपर्यंत उघडायचे नाहीत असा नियम होता. तो देहू रोडपर्यंत टिकला, ही दादाची पुण्याईच म्हणायची.

तळेगावला मात्र गणती चोवीस भरली. कमी भरलं तर काय करायचं, याची सूचना होती. जास्त भरलं तर काय, हे कुणालाच सुचलं नव्हतं. दादाने पुन्हा मोजलं. चोवीसच. शेवटी आमच्या चिवड्यात कोपरापर्यंत हात घातलेला एक अनोळखी मुलगा सापडला. समोरच्या बाकावर त्याचे वडील निवांत पेपर वाचत होते. “असू द्या हो,” ते म्हणाले, “रमलाय तुमच्यात.” कामशेतला त्याला उतरवताना तो रडला, आमची चार मुलं रडली, आणि वडिलांच्या चेहऱ्यावरही सुटी संपल्याचं दुःख दिसलं.

मळवलीहून द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून भाज्याकडे निघालो. आठवीच्या पुढची मुलं आमच्यापासून वीस पावलं अंतर राखून चालत होती, म्हणजे बघणाऱ्याला ती आमच्यातली वाटू नयेत. लेण्यांच्या तिकीट खिडकीपाशी पंधरा वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत असं कळल्यावर मात्र त्यातले दोघे धावत येऊन लहानांत मिसळले. रेल्वेत बाराच्या आत, लेणीत पंधराच्या आत आणि मोबाइल मागताना अठरा पूर्ण. या वयात माणूस सोयीप्रमाणे वाढतो.

भाज्याच्या चैत्यगृहात मुलं आपोआप गप्प झाली. बावीसेकशे वर्षांपूर्वी कोरलेली ती कमान, छताखाली अजून तग धरून असलेल्या लाकडी फासळ्या, आत कललेले खांब. “हे वाकडे का?” “आधी लाकडाची घरं बांधत. त्यात खांब असे तिरपे देत. दगडात कोरतानाही तीच सवय राहिली.” “म्हणजे कॉपी केली,” एकजण म्हणाला. “आणि लाकूड खरंच तेव्हाचं? आमच्या वर्गातला बाक जूनमध्ये आला, दिवाळीआधी मोडला.” बाहेर स्तूपांचा समूह आहे, काही छपराखाली, काही उघड्यावर. चौदाच्या चौदा स्तूप दादाने एका दमात मोजले. दिवसभरात बिनचूक उतरलेली ती पहिलीच गणती. स्तूप हलत नाहीत.

तिथून गायमुख खिंडीपर्यंतच्या चढाने आम्हा मोठ्यांचा समाचार घेतला. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड, मध्ये धापा टाकणारे खजिनदार काका. मुलं पुढे जाऊन, आम्ही का येत नाही ते बघायला परत येत आणि पुन्हा पुढे जात. त्यांनी गड निदान दीड वेळा चढला असेल.

गणेश दरवाजात दादाने हकिकत सांगितली : दरवाजा टिकावा म्हणून पायात एका दांपत्याचा बळी दिला, आणि बदल्यात त्यांच्या वंशजांना लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, असं म्हणतात. सगळे क्षणभर स्तब्ध. मग सहावीतली एक मुलगी म्हणाली, “पाटीलकी दिली ते ठीक आहे, पण त्या दोघांना आधी विचारलं होतं का?” नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा असे आम्ही वर गेलो, पण त्या प्रश्नाचं उत्तर एकाही दरवाजात मिळालं नाही.

वर महाराजांचा इतिहास निघाला. 1665 साली पुरंदरच्या तहात गड मोगलांना द्यावा लागला, 1670 साली परत जिंकला. सुरतेच्या लुटीतला ऐवज इथे ठेवला होता असं सांगितल्याबरोबर लक्ष्मी कोठीत जी झडती सुरू झाली, ती आवरता आवरता पुरेवाट झाली. नाना फडणविसांच्या सोळाकोनी तळ्याचे कोनही मुलांनी मोजले. पंधरा, सतरा आणि ‘एक पाण्यात आहे’ अशी तीन उत्तरं आली. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यात हा एक, हेही मी सांगितलं. ते प्रश्नमंजूषेत होतं.

विंचूकाट्याकडे तोंड करून डबे सोडले, आणि लगेच गडाचे खरे किल्लेदार आले. एका धिप्पाड माकडाने मातोश्रींच्या चिरंजीवांचा डबा उचलला, सफाईने झाकण काढलं, नाचणीच्या बिनसाखरेच्या कुकीज हुंगल्या, आणि डबा होता तिथे परत ठेवला. लोहगडावरच्या माकडाने अन्न परत केल्याचं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. मग त्याने इकडेतिकडे पाहून पारदर्शक फोल्डर काखोटीला मारला आणि तटावर जाऊन बसलं. पहिली प्रत बाहेर काढून त्याने उलटसुलट पाहिली, कोपरा चावून पाहिला. खजिनदार काका काठी घेऊन उठले, तर तेवीस मुलं एका आवाजात ओरडली, “काका, कड्याजवळ जायचं नाही!” सूचना इतक्या काटेकोरपणे पाळली गेल्याचं पाहून मला भरून आलं.

परतीच्या लोकलमध्ये निम्मी मुलं एकमेकांवर कलंडून झोपली, त्यामुळे मोजणी सोपी गेली. शिवाजीनगरला पालक फलाटावर हजर होते. मातोश्रींनी चिरंजीवांच्या कपाळाला हात लावून पाहिला, डबा वाजवून पाहिला.

“सगळ्या तशाच? बरं, काय काय शिकलास?”

“माकडाला नाचणी चालत नाही.”

“अरे, ते नाही. इतिहासाचं विचारतेय मी. पेपर सोडवलास ना?”

“तो माकड सोडवतंय.”