येणे बाकी, मदत हजर

लघुउद्योजकाला सरकारनं वाऱ्यावर सोडलं, असं म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही. भोसरीतले आमचे एक परिचित बघा. लोखंडी फर्निचरचं वर्कशॉप, २०-२२ कामगार. त्यांच्याकडे इतकी मदत चालून आली की अर्ज भरण्यापायी ऑर्डरी मागे पडल्या.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ५९ मिनिटांत एक कोटीपर्यंतचं कर्ज आलं. म्हणजे तत्त्वतः मंजुरी आली. तत्त्वाला ५९ मिनिटं पुरतात. पैशाला शाखेत जावं लागतं, आणि साहेब जेवायला गेलेले असतात.

मे २०२० मध्ये तीन लाख कोटींची विनातारण कर्जयोजना आली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज अंगावर असेल त्याच्या २० टक्के आणखी घ्या, हमी सरकारची! परिचितांनी जुनं कर्ज मुदतीआधीच फेडून टाकलेलं. शून्याचे २० टक्के त्यांना लगेच मंजूर झाले असते.

मुळात या गृहस्थांना कर्ज नकोच आहे. एका सरकारी खात्याला बाकं पुरवली, त्याचं बिल हवं आहे. कायदा तर त्यांच्या बाजूनं ठणठणीत उभा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. वाचून सावकारही वरमेल. खात्यातले भाऊसाहेब मात्र शांत असतात. ‘बीडीएसवर, म्हणजे सरकारी निधीवाटपाच्या प्रणालीवर, निधी आलेला नाही. मार्चएंडला बघू.’ कोणत्या सालचा मार्च, हे विचारायची पद्धत नाही.

तक्रारीला ‘समाधान’ पोर्टल आलं, २०१७ मध्ये. तिथं अर्ज केला की पुढच्या टेंडरला खातं तुम्हाला ओळखत नाही. किंवा फारच चांगलं ओळखतं.

एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यानंही दम भरला आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत न देणाऱ्याला, ते प्रत्यक्ष चुकतं करेपर्यंत, त्या खर्चाची वजावट नाही. खासगी गिऱ्हाईकं घाबरली. काहींनी तर पुरवठादारालाच गळ घातली, ‘तुमची उद्यम नोंदणी तेवढी रद्द करा ना!’ सरकारी खातं घाबरलं नाही. ते आयकर भरतच नाही.

एवढ्या खटाटोपातून रोजगार किती निर्माण झाला, असं खवचटपणे विचारू नका. झाला. भांडवल बिलात अडकल्यानं वर्कशॉपच्या दोन मशीन बंद आहेत, पण राज्याच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून एक पदवीधर मुलगा परिचितांना मिळाला. दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, तेही सरकारकडून. शिकवायला काम नाही, म्हणून त्याला रोज सकाळी पीएमपीनं त्या खात्यात पाठवतात, बिलाचं काय झालं ते विचारायला. पोरगा हुशार आहे. त्याचं गेल्या महिन्याचं विद्यावेतन जमा झालेलं नाही, ती चौकशीही तो त्याच फेरीत उरकतो.