चेंगदूची संकष्टी

आमच्या चीनच्या सहलीच्या तारखा मेहुण्याने ठरवल्या. विमानाचं तिकीट कोणत्या वारी स्वस्त पडतं हे त्याला तोंडपाठ असतं. त्या वारी तिथी कोणती, हे तो बघत नाही. त्यामुळे चेंगदूत मनसोक्त खाण्यासाठी राखून ठेवलेला मोकळा दिवस नेमका संकष्टीचा निघाला. सौ.च्या पासपोर्टच्या पाकिटात कालनिर्णयचं त्या महिन्याचं पान घडी घालून ठेवलेलं होतं. ते तिने सकाळी उलगडलं, तेव्हा माझ्या हातात नाश्त्याची कुपनं होती.

मी संकष्टी धरतो. त्यात भक्ती किती आणि साबुदाण्याची खिचडी किती, याचा हिशेब गणपतीने कधी मागितला नाही आणि मीही दिला नाही. पण खिचडी काढून घेतली की भक्ती फारच उघडी पडते.

तशात गाव चेंगदू. युनेस्कोने 2010 साली ज्याला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून गौरवलं, ते हे गाव. माझ्या खिशात यादी होती. तिखट तेलात न्हालेल्या डंपलिंग्ज, रस्त्यावरच्या दानदान नूडल्स, शिवाय सौ.ला न सांगता लिहिलेलं सशाचं मुंडकं, जे इथली माणसं प्लॅस्टिकचे हातमोजे चढवून, गप्पा मारत, आपल्याकडे खेकडा फोडतात तशा तन्मयतेने सोलतात. यादी मी घडी घालून पुन्हा खिशात ठेवली.

पांडा पाहिले. दिवसाचे बारा-चौदा तास बांबू खातात. त्या दिवशी मला ते बघवले नाहीत.

“खायचं नाही तर नाही, आराम तरी करू,” असं म्हणून सौ.ने मला रेन्मिन पार्कात आणलं. तिथे हमिंग नावाचं चहागृह आहे, 1923 पासूनचं. झाडांखाली बांबूच्या खुर्च्या, तळ्याकाठी टेबलं, आणि त्यांवर अख्खं शहर निवांत पसरलेलं. आपल्याकडे चहा पिऊन माणूस उठतो. इथे चहा आला की माणूस बसतो. खाली बशी, मधे बिनकानाचा वाडगा, वर झाकण. तळाशी मोगऱ्याच्या वासाची पानं. झाकण बाजूला काढून ठेवलं की माणूस येऊन गरम पाणी ओतून जातो, पुन्हा येतो, पुन्हा ओततो. एका चहाच्या पैशात दुपार निघते.

ह्या निवांतपणाला कारण आहे, आणि रिकाम्यापोटी मला ते फार खुपलं. इसवी सनापूर्वी 256 च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने शहराच्या वायव्येला दूच्यांगयेन इथे मिन नदीचं पाणी विभागलं. नदीला आडवं धरण न घालता, प्रवाह दोन वाटांनी काढून. पूर आटोक्यात आला, मैदानाला पाणी मिळालं आणि ती व्यवस्था आजही चालू आहे. ज्या प्रदेशाचं पोट दोन हजार वर्षं भरलेलं आहे, तिथली माणसं खुर्चीत पसरणार नाहीत तर काय करतील? उपाशी माणसाला आराम जमत नाही, हे त्या बागेत मला एकट्यालाच कळत होतं.

शेजारच्या टेबलावर सूर्यफुलाच्या बिया फुटत होत्या. बिया उपासाला चालतात का, असा प्रश्न मी काढला. सौ.ने डोंबिवलीला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, “सूर्यफुलाचं तेल आपण उपासाला वापरत नाही. मग बी कशी चालेल?” मी म्हटलं, “आई, शेंगदाण्याचं तेल चालतं, म्हणून तर शेंगदाणे चालतात.” “तेच सांगत्येय,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एव्हाना कपाळाला दिवा बांधून, हातातले लांबलचक चिमटे वाजवत कान साफ करणारा येऊन ठेपला. ही चेंगदूची खास चैन. डोळे मिटायचे आणि मान त्याच्या हवाली करायची. आधी बारीक कोरणं, मग पिसांचा झुबका, शेवटी कानातल्या काडीला टेकवलेला थरथरता चिमटा. तो थरार कानातून उतरून थेट रिकाम्या पोटात घुमला. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर ह्या वेळी समाधी दिसते म्हणे. माझ्या पोटातून जो आवाज आला, तो ऐकून त्याने चिमटा तपासून पाहिला.

तो आवाज शेजारच्या आजींनीही ऐकला. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटावर हात फिरवून भुवया उंचावल्या. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी गाल धरून दाखवला: दात? मी आकाशाकडे बोट दाखवलं. ह्यावरून त्यांनी काय समजून घेतलं देव जाणे, पण त्या गंभीर झाल्या. पाणीवाल्याला हाक मारून त्यांनी माझा वाडगा काठोकाठ भरवला, कारण इथे गरम पाणी हा सर्व रोगांवरचा पहिला उपाय. मग पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि एकेक फोडून, आतलं लाल साल चोळून, फुंकून, दाणे वाडग्याच्या झाकणावर जमवत राहिल्या. बोलणं शक्यच नव्हतं. झाकण भरल्यावर ते त्यांनी सौ.पुढे सरकवलं आणि तिच्या हातावर थोपटलं. तिची आई डोंबिवलीत आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. सौ.ने नाक ओढलं. मी दाणे खाल्ले. कुणीतरी खायला हवेच होते.

बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात आईबाप आपापल्या मुलामुलींचं वय, उंची, शिक्षण, पगार लिहिलेले कागद मांडून बसले होते. तिथून एक उपवर मुलगा सुचवल्याशिवाय सौ. हलेना. पुढे रस्त्यावर भाजलेलं रताळं मिळालं. त्यावर मी संध्याकाळ काढली.

आता चंद्राचा प्रश्न. कालनिर्णयमध्ये चंद्रोदयाच्या वेळा रत्नागिरीपासून चंद्रपूरपर्यंत आहेत, चेंगदूची नाही. बरं, वर बघावं तर सिचुआनचं आकाश. इथल्या कुत्र्यांना सूर्य इतका क्वचित दिसतो की दिसला तर ती त्याच्यावर भुंकतात, अशी चिनी म्हणच आहे. चंद्राचं काय घेऊन बसलात! मोबाइलने चंद्रोदय साडेनऊच्या सुमारास सांगितला. डोंबिवलीतून पुकारा झाला, “सव्वानऊ.” म्हणजे आपले सव्वानऊ, चेंगदूचे पावणेबारा.

“आई, चंद्र इथे आधी उगवतो. आपण पूर्वेला आहोत.”

“आमच्या आधी कसा उगवेल? गणपती इथला!”

ह्या शास्त्रार्थात मला भूक नसती तर मी भाग घेतला असता. सुदैवाने सौ.ने स्वतंत्र निकाल दिला: “पाय जिथे, चंद्र तिथला.” रुंद-अरुंद गल्ल्यांच्या त्या प्रसिद्ध भागात, एका झाडाच्या बुंध्याशी, ढगाकडे तोंड करून तिने बाटलीतलं पाणी सोडलं. दोन पर्यटकांनी तिचे व्हिडिओ काढले. एकाने झाडाचाही काढला.

आणि गणपती पावला. पलीकडेच ‘सान दा पाव’ची गाडी होती. चिकट तांदळाच्या उकडीचा गोळा विक्रेता फळीवर जोरात फेकतो. फळीवरच्या पितळी थाळ्या झणाणतात, गोळा उसळून सोयाबीनच्या पिठात जाऊन लोळतो. एका बशीला तीन गोळे, तीन धडाके, आणि वरून काळ्या गुळासारख्या साखरेचा पाक. तांदूळ आणि गूळ! सौ.ने डोळे मिटून नैवेद्य दाखवला. मी मिटले नाहीत.

मग हॉटपॉट. लाल रश्श्यात गाईची चरबी असते, म्हणून वनस्पती तेलाचा मागितला. पातेलं मधे पडदा असलेलं, एकीकडे मशरूमचं सूप, दुसरीकडे मिरच्यांचा लाल समुद्र. तिळाच्या तेलाच्या वाटीतला लसूण सौ.ने परत पाठवला. कमळकाकड्या, बटाटे, तोफू आत सोडले, शिजले, काढले, आणि दिवसभराचा सूड मी त्यांच्यावर उगवला. त्या भरात तोफूला चिकटलेले दोन-चार अख्खे दाणे दाताखाली गेले. हे सिचुआनी मिरं, आपल्या कोकणी तिरफळाचं भावंड. तिखट नाही. आधी ओठ मुंग्यांच्या ताब्यात जातात, मग जीभ, मग तोंड आपलं आहे ह्यावरचा विश्वास.

नेमका पावणेबाराला फोन वाजला. सासूबाई होत्या.

“जावईबापू, उगवला बरं का चंद्र! आता सोडा उपास.”

मी म्हणालो, “आं... आंऊं.”

पलीकडे शांतता. मग सासूबाई घरातल्या कुणाला तरी म्हणाल्या, “ऐकलंस? निर्जळी केलीन् वाटतं. वाचा बसली बिचाऱ्याची.”

तेव्हापासून सासरी माझ्या भक्तीविषयी कुणी शंका काढत नाही.